चार मिलिमीटर अगर

प्रयोगशाळेत नव्यानं रुजू झालेल्या मुलामुलींना मी सर्वांत आधी प्लेट ओतायला बसवत असे. म्यूलर-हिंटन अगर हे जंतू वाढवायचं माध्यम ऑटोक्लेव्हमधून काढायचं, फ्लास्क हाताला सोसेल इतका निवू द्यायचा आणि सपाट ओट्यावर मांडलेल्या पेट्री डिशमध्ये ते ओतायचं. थर चार मिलिमीटरचाच हवा. ‘‘मॅडम, पाच झाला तर?’’ असं प्रत्येक तुकडीत कुणीतरी विचारायचंच. थर जाड झाला की त्यावर ठेवलेल्या कागदी डिस्कमधलं औषध खोलवर उतरतं, आडवं कमी पसरतं आणि भोवतीचं, जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ लहान पडतं. मग ज्या औषधानं रुग्ण बरा झाला असता, त्याच्यापुढे रिपोर्टात ‘रेझिस्टंट’ लिहिलं जातं. थर पातळ झाला तर उलट घडतं, आणि ते जास्त धोक्याचं असतं.

जंतुसंसर्ग ओळखण्याचा आणि त्यावर कोणतं अँटिबायोटिक चालेल हे ठरवण्याचा इतिहास सहसा वेगाचा म्हणून सांगितला जातो. आठवड्यांचे दिवस झाले, दिवसांचे तास, तासांची मिनिटं. ते खरंच आहे. पण मला या इतिहासातलं सर्वांत मोठं काम 1966 सालचं वाटतं, आणि त्या कामामुळे रिपोर्ट एका तासानंही लवकर मिळू लागला नाही.

सुरुवात बर्लिनची. रॉबर्ट कॉख जंतू एकमेकांपासून वेगळे करण्यासाठी आधी उकडलेल्या बटाट्याचे काप वापरत, नंतर जिलेटिन वापरू लागले. पण जिलेटिन शरीराच्या तापमानाला वितळतं, आणि काही जंतू तर ते पचवूनच टाकतात. त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वॉल्टर हेसे या कटकटीनं हैराण झाले होते. त्यांच्या पत्नी फॅनी न्यू यॉर्कमध्ये जन्मलेल्या. नवऱ्याच्या संशोधनासाठी जंतूंची चित्रं त्याच काढत. उन्हाळ्यातही तुझी जेली घट्ट कशी राहते, असं वॉल्टर यांनी विचारलं तेव्हा फॅनींनी अगर-अगरचं नाव सांगितलं. जावामध्ये राहिलेल्या ओळखीच्या लोकांकडून त्यांना ते ठाऊक झालं होतं. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं, तेच हे. एकदा घट्ट झालं की सदतीस अंशालाच काय, साठ अंशालाही ते वितळत नाही. कॉख यांनी 1882 च्या क्षयाच्या निबंधात अगरचा उल्लेख केला, फॅनींचा केला नाही. मी वर्गात ते नाव फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीत असे. 1887 साली कॉख यांचे सहायक पेट्री यांनी झाकणाची काचेची बशी आणली आणि आमच्या धंद्याचं मुख्य भांडं तयार झालं.

त्याच शहरात 1884 साली हान्स क्रिस्तियान ग्राम हे डॅनिश डॉक्टर न्यूमोनियानं मेलेल्यांच्या फुप्फुसांचे छेद रंगवून पाहत होते. जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोल. काही जंतू रंग धरून ठेवत, काही सोडून देत. आज यंत्रांच्या जाहिरातींत ‘रॅपिड’ हा शब्द जागोजाग दिसतो. पण मेंदुज्वराच्या रुग्णाच्या मणक्यातलं पाणी हाती आल्यावर काही मिनिटांत उपयोगी उत्तर देणारी चाचणी ही एकशेचाळीस वर्षांपूर्वीचीच आहे. ज्या प्रयोगशाळेत ग्राम स्टेन नीट होत नाही, तिथं महाग यंत्र घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

ही विद्या मुंबईत प्लेगच्या पाठोपाठ आली. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन ऑक्टोबर 1896 मध्ये इथं आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला लागले. लसीसाठी प्लेगचे जंतू वाढवायला त्यांनी बोकडाच्या मांसाचा रस्सा वापरला, कारण गाईचं किंवा डुकराचं मांस इथल्या लोकांना चाललं नसतं. रश्श्यावर ते तुपाचे थेंब सोडत. प्लेगचा जंतू त्या थेंबांखाली धरून खाली लोंबत वाढायचा, गुहेच्या छतावरून उतरणाऱ्या चुन्याच्या सुळक्यांसारखा. फ्लास्क हलवला की सुळके गळून पडायचे आणि पुन्हा नवे धरायचे. अशी वाढ दिसली की जंतू प्लेगचाच, ही खूण होती. तिला दिवस आणि आठवडे लागत. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच वर्षी प्लेगचा अभ्यास करायला खुद्द कॉखही मुंबईत येऊन गेले. प्रयोगशाळा 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. आजची हाफकिन संस्था तीच.

तोवर जंतूचं नाव कळून उपयोग फारसा नव्हता, कारण द्यायला औषधच नव्हतं. म्हणून फ्लेमिंग यांचं 1929 चं पेनिसिलिनचं टिपण मला आजही ओढून घेतं. अगरमध्ये चर कापायचा, त्यात बुरशीचा रस भरायचा, चरापासून बाहेर वेगवेगळ्या जंतूंच्या रेघा ओढायच्या. कोणता जंतू चरापासून किती दूर थांबतो ते दुसऱ्या दिवशी पाहायचं. औषध रुग्णांपर्यंत पोहोचायच्या कितीतरी आधी सेन्सिटिव्हिटी टेस्टची कल्पना त्या बशीत दिसते. ऑक्सफर्डला नॉर्मन हीटली यांनी चराऐवजी लहान नळकांडी ठेवली. 1944 पासून औषधात भिजवलेल्या फिल्टर पेपरच्या चकत्या आल्या, आणि गोंधळही तिथूनच सुरू झाला.

कारण प्रत्येक प्रयोगशाळेची चकती वेगळी होती. कुणी कमी आणि जास्त मात्रेच्या दोन-तीन डिस्क ठेवी, कुणी एकच. अगर वेगळं, जंतूंचं प्रमाण वेगळं, आणि वर्तुळ दिसलं की ‘सेन्सिटिव्ह’ लिहायचं अशी सवय. एकाच रुग्णाचा नमुना दोन ठिकाणी गेला तर दोन उत्तरं येऊ शकत. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बाउअर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी 1966 साली एक पद्धत बांधून दिली: प्रत्येक औषधाची ठरलेल्या मात्रेची एकच डिस्क, ठरलेलं माध्यम, जंतूंच्या मिश्रणाचा ठरलेला गढूळपणा, आणि वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजून तक्त्याशी ताडणं. माध्यम म्हणून म्यूलर आणि जेन हिंटन यांनी 1941 मध्ये गोनोकॉकससाठी बनवलेलं अगर निवडलं गेलं. गढूळपणा मॅकफार्लंडच्या अर्ध्या मानकाशी जुळवायचा, डिस्क सहा मिलिमीटरची, इन्क्युबेटर पस्तीस अंशांवर, वेळ सोळा ते अठरा तास. पुढे स्वीडनचे एरिकसन आणि शेरिस यांनी अनेक देशांतल्या प्रयोगशाळांना एकत्र घेऊन 1971 मध्ये अहवाल दिला. त्यानंतर सोलापूरचं ‘रेझिस्टंट’ आणि स्टॉकहोमचं ‘रेझिस्टंट’ यांची तुलना करता येऊ लागली. औषधांना न जुमानणारे जंतू जगभर वाढताहेत हे आज आपण आकड्यांनी सांगू शकतो, ते याच पायावर.

मग वेग. इ. कोलाय जंतू चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, तरी डोळ्यांना वसाहत दिसायला रात्र जावी लागते. क्षयाच्या जंतूला दुप्पट व्हायला पंधरा-वीस तास लागतात, म्हणून लोवेनस्टाइन-जेन्सनच्या हिरव्या बाटल्यांकडे आम्ही आठवडेच्या आठवडे पाहत राहायचो. ही वाढ यंत्रांनाही घाईनं करवता येत नाही. ती लवकर दिसेल अशी सोय तेवढी यंत्रं करतात. व्हायटेक यंत्राचं मूळ अंतराळात आहे. लांबच्या प्रवासात अंतराळवीरांच्या लघवीतला जंतुसंसर्ग ओळखता यावा म्हणून मॅकडॉनेल डग्लस कंपनीनं नासासाठी ते काम हाती घेतलं होतं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस ते रुग्णालयांत आलं. लहानशा कार्डातल्या खळग्यांत जंतू आणि औषध, आणि प्रकाश किती अडतो याची सतत मोजणी. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात योहान एल्फ यांच्या गटानं तर एकेक जंतू सूक्ष्म नळीत अडकवून, औषध मिळाल्यावर त्याची लांबी वाढते की थांबते, हेच सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं. त्यातून निघालेल्या यंत्राला 2024 साली लाँजिट्यूड प्राइझचे 80 लाख पौंड मिळाले. लघवीच्या नमुन्यात जंतू आहेत का हे ते पंधरा मिनिटांत सांगतं, आणि कोणतं औषध चालेल ते 45 मिनिटांत.

दुसरी वाट वाढीची वाटच न पाहण्याची, थेट जनुक वाचण्याची. जीनएक्स्पर्ट या यंत्राचा 2010 सालचा मोठा अभ्यास लिमा, बाकू, केप टाउन, डर्बन आणि मुंबई इथं झाला. थुंकीच्या नमुन्यातून क्षय आहे का आणि रिफाम्पिसिनला दाद देणार का, हे दोन तासांच्या आत कळू लागलं, आणि त्याच डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मान्यता दिली. पण त्या यंत्राला लागणारी एसी खोली आणि अखंड वीज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कुठली? बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट हे यंत्र गोव्याच्या मोल्बायो कंपनीनं आणलं, 2020 मध्ये संघटनेनं त्याचीही शिफारस केली. त्याचा मला मनापासून अभिमान आहे.

मात्र जनुकाची चाचणी तिला शिकवलेल्या बदलांपुरतीच बोलते. प्रतिकाराचं ओळखीचं जनुक सापडलं नाही म्हणजे औषध लागू पडेलच, असं नव्हे. जंतूसमोर औषध ठेवून तो वाढतो का हे पाहणं अजून टळलेलं नाही, आणि नव्या यंत्राचा निकाल खरा की खोटा हे ठरवायला त्याच जुन्या मोजमापांशी ताडावं लागतं.

माझ्या सगळ्या नोकरीत सर्वांत जास्त वेळ मंद पद्धतींनी खाल्ला नाही. दोन-तीन दिवस अँटिबायोटिक दिल्यावर, ताप उतरत नाही म्हणून पाठवलेल्या नमुन्यांनी खाल्ला. त्यांतले कितीतरी ‘नो ग्रोथ’ म्हणून परत जात, आणि रुग्णाच्या अंगात जंतू असूनही कागदावर काहीच नसे. रुग्ण गंभीर असेल तर औषधाला क्षणाचाही उशीर नको. रक्त काढा आणि लगेच पहिला डोस द्या. इतर वेळी, लघवीला जळजळ असो, चिघळलेली जखम असो की न उतरणारा ताप, डॉक्टरांना विचारा: ‘कल्चरला नमुना पाठवायचा का?’ हो म्हणाले, तर तो गोळी घेण्याआधी द्या.