छपरावरचं धुराडं



उन्हाळा सरत आला, कौलं चाळायची वेळ झाली की आमच्या गटात एक प्रश्न हमखास निघतो. छपरातून वर आलेला तो राखाडी सिमेंटचा पाइप, डोक्यावर टोपी घातलेला, त्याचं काय करायचं? खालची चूल कधीच मोडली. तिथं ओटा आला, ओट्यावर गॅसची शेगडी आली. पाइप मात्र उभाच आहे, आणि पावसात त्याच्या बुडाशी गळतंय. काढून टाकावा का? कसा काढायचा ते आम्ही सांगणारच आहोत. पण तो तिथं आला कसा, ते आधी ऐका, कारण ती गोष्ट आपल्याच स्वयंपाकघराची आहे.

आपल्या जुन्या घरांना असं धुराडं नव्हतंच. माळवदाच्या घरात छताला साणं असायचं, त्यातून उजेड खाली यायचा आणि धूर वर जायचा. कौलारू घरात धूर कौलांच्या फटींतून वाट काढायचा, गवती छपरातून झिरपायचा. त्या धुराचा उपयोगही होता. बियाण्याची कणसं चुलीवर टांगली की त्यांना कीड लागत नसे. वासे, बांबू धुरानं काळे व्हायचे, पण भुंग्यापासून वाचायचे. पुढे निर्धूर चुली आल्या तेव्हा म्हाताऱ्या बायका कुरकुरल्या, की आता छपराला भुंगा लागेल. शिकलेली माणसं त्यांना हसली. पण त्या खोटं बोलत नव्हत्या. फक्त घर वाचवायची किंमत बायकांच्या डोळ्यांनी आणि छातीनं मोजली जात होती, आणि ती कुणी हिशेबात धरत नव्हतं.

ती हिशेबात धरण्याची एक जुनी खटपट आपल्या वर्ध्यात झाली. 1934 साली गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. संघाचं काम वर्ध्याच्या मगनवाडीत चालायचं. घाणीचं तेल, हातकागद, मधमाश्या अशा उद्योगांबरोबर तिथं चुलीचाही विचार झाला आणि ‘मगन चूल’ तयार झाली. माती तीच, सरपण तेच, पण धूर घरात न सोडता नळीतून बाहेर काढायचा. 1953 मध्ये हैदराबादच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेतले एस. पी. राजू यांनी निर्धूर स्वयंपाकघरांवर पुस्तिकाच लिहिली. त्यांच्या चुलीत एका आगीवर दोन-तीन भांडी बसायची आणि मागं धुराडं. आपल्याकडच्या चुलीला वैल असतो, त्यामुळे ही कल्पना बायकांना परकी वाटली नाही.

तरी बरीच वर्षं हे काम थोड्या ठिकाणीच राहिलं. सरकार मोठ्या प्रमाणावर उतरलं ते 1983 नंतर, सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा. त्यामागं मोठी काळजी जंगलाची आणि सरपणाची होती, हेही सांगायला हवं. धुराची मोजणी साधारण त्याच सुमारास झाली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या काही गावांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर लहान यंत्रं लावली आणि त्यांच्या श्वासातून किती धूर आत जातो ते मोजलं. शहरातल्या रस्त्यांवर असतो त्याहून किती तरी जास्त धूर चुलीपाशी निघाला. ‘धुरानं डोळे चुरचुरतात’ हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत होतो. आकडा झाल्यावर ते ऐकू गेलं.

मग गावोगाव निर्धूर चुली बसल्या. शिकवलेला गडी साचा घेऊन यायचा, माती कालवायचा, दिवसाभरात चूल उभी करायचा, आणि कौलं सारून पाइप वर काढायचा. वहीत नाव, सही किंवा अंगठा. 2002 साली केंद्रानं हा कार्यक्रम थांबवला तोवर देशभरात तीन कोटींच्या वर चुलींची नोंद झाली होती. नोंद झाली ती बसवलेल्या चुलींची. वर्षानं त्यातल्या किती पेटत होत्या, हे तितक्या आस्थेनं कुणी मोजलं नाही.

आणि इथंच खरी गोम आहे. धुराड्यात काजळी धरते. ती वरचेवर काढली नाही तर नळी आतून बारीक होत जाते आणि धूर पुन्हा घरात उलटतो. ही काजळी काढायची कुणी? चूल बायकांची, छप्पर पुरुषांचं. बायकांनी कौलांवर चढायची रीत नाही. आणि पुरुषांना सांगितलं तर, ‘चुलीचं काम तुमचं, आम्हाला काय कळतंय त्यातलं?’ पाइपाचं खालचं टोक एकाच्या ताब्यात, वरचं दुसऱ्याच्या, म्हणून मधला पाइप कुणाचाच नाही. आमच्यातल्या एका मावशीनं सांगितलं, की त्यांच्या घरी चूल बसली आणि पाइप एकदाही साफ झाला नाही. तिसऱ्या वर्षी त्यांनी चुलीचं तोंडच फोडून मोठं केलं, कारण मोठी लाकडं आत जात नव्हती. त्या दिवसापासून ती पुन्हा साधी चूल झाली आणि पाइप नुसता शोभेला उरला.

हे फक्त आपल्याकडंच झालं असं समजू नका. ओडिशात अडीच हजारांहून जास्त घरांत अशा चुलींचा चार वर्षं अभ्यास झाला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढं दुरुस्ती नाही, वापर नाही, आणि फायदा विरून गेला. बायकांना शिकवलं नाही म्हणून असं झालं, असं काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. शिडीवर चढायची मुभा शिकवणीनं मिळत नाही.

1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियाहून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस खेड्यातल्या घरोघर पोचू लागला. पण टाकी संपली, पैसे नाहीत, की चूल पेटतेच. भाकरी चुलीवरची, अंघोळीचं पाणी चुलीवरचं. म्हणून पाइप काढण्याआधी एकच बघा: पावसाळ्यात अंगणातली चूल आत येते का? येत असेल तर पाइप काढू नका, साफ करून घ्या.

चूल खरोखर बंद असेल, तरी हातोडा घेऊन चढू नका. त्या काळी धुराड्याचे पुष्कळ पाइप ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असत, जसे आपले सिमेंटचे पत्रे. नुसतं बघून ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक जुना पाइप तसाच आहे असं धरून चाला. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून आत गेले तर फुप्फुसांचे आजार होतात, कर्करोगही होतो, आणि तो दिसायला वीस-तीस वर्षं लागतात. 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या बाजूनं निकाल देताना आरोग्य हा त्यांचा मूलभूत हक्क मानला. परदेशात तर असे कामगार नवऱ्यांचे कपडे धुणाऱ्या बायकाही आजारी पडल्याची नोंद आहे.

अखंड पाइप गपचूप उभा असला तर धोका फार थोडा. तोडला, कापला, घासला की तंतू उडतात. आमच्याच वस्तीत एका घरी पाइप हातोड्यानं फोडला आणि तुकडे अंगणात टाकून वर माती लोटली. आम्ही तिथंच उभ्या होतो, कुणी काही बोललो नाही, कारण आम्हालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा सोपा मार्ग असा. काढणं भाग नसेल तर वरचं तोंड पत्र्याच्या टोपणानं घट्ट बंद करा, बुडाशी गळती सांधा आणि पाइप राहू द्या. काढायचाच असेल तर मुलांना लांब ठेवा. पाइपावर पाणी मारून तो चिंब करा. भोवतीचा गिलावा आणि कौलं हलक्या हातानं सोडवून अख्खा पाइप उचला, दोघांनी धरून खाली आणा. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधा. तुकडे जाळायचे नाहीत, फोडून भरावाला वापरायचे नाहीत. कुठं द्यायचे ते ग्रामपंचायतीला विचारा. खाली पडलेलं केरसुणीनं झाडू नका, ओल्या फडक्यानं टिपा, आणि ते फडकंही त्याच गुंडाळीत घाला. तोंडाला पदर बांधल्यानं हे तंतू अडत नाहीत. वर चढलेल्याचे कपडे न झटकता भिजवून वेगळे धुवा. हे सगळं रोहिणी संपायच्या आत.

मावशींनी आपल्या घरचा पाइप गेल्या चैत्रात असाच काढला. शिडी मुलानं धरली आणि वर सून चढली. भोकावर त्यांनी काचेचं कौल बसवलं आहे.