गोल्स्टन स्ट्रीटवरील लेख : एक पुसलेला पुरावा

३० सप्टेंबर १८८८ च्या पहाटे लंडनमधील मायटर स्क्वेअर येथे कॅथरिन एडोज हिचा खून झाला. पुढे गोल्स्टन स्ट्रीटवरील एका दारात तिच्या एप्रनचा रक्ताने डागाळलेला तुकडा शिपाई आल्फ्रेड लाँग यास सापडला; वर भिंतीवर खडूने यहुद्यांविषयी एक वाक्य लिहिलेले होते. सिटी पोलिसांना त्याचे छायाचित्र हवे होते. परंतु यहुदीविरोधी दंगल उसळेल या भयाने मेट्रोपोलिटन पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांनी उजाडण्यापूर्वीच ते पुसविले. केवळ वरची ओळ पुसावी, ही सूचनाही मानली गेली नाही.

मागे उरल्या त्या नकला, आणि त्या परस्परांशी जुळत नाहीत. लाँगच्या पाठात नकार गौणवाक्यात येतो, तर डॅनियल हॉल्सच्या पाठात मुख्यवाक्यात; 'यहुदी' या शब्दाचे वर्णलेखनही भिन्न आढळते. नकाराचे स्थान बदलले की आरोपाचा रोखही बदलतो. मूळ लेखच नाहीसा झाल्यावर पाठनिर्णय करावा कसा? ते वाक्य खुन्याचेच होते असे सिद्ध झालेले नाही. पण हस्ताक्षर ताडून पाहण्याचे साधनही त्याबरोबरच नष्ट झाले. वॉरन यांचा हेतू समजण्याजोगा आहे. तथापि त्यांनी पुसलेल्या वाक्याचा अर्थ आज आपणांस निश्चयाने सांगता येत नाही, हे मान्य करणे प्राप्त आहे.