सीमेपलीकडचं तीर्थ आणि जथ्याची शिस्त

आपण पंढरीला निघतो तेव्हा दिंडी सोबत असते आणि वाट ओळखीची असते. पण तीर्थच दुसऱ्या देशात गेलं तर? १९४७ साली शीख बांधवांवर हीच वेळ आली. नांदेडच्या हुजूर साहिबमुळे हा समाज आपल्याला परका नाही. त्यांच्या गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवरायांची ६१ पदं आहेत. म्हणून आज त्यांच्या यात्रेचा इतिहास सांगतो आहोत.

फाळणी झाली आणि गुरू नानकांचं जन्मस्थान ननकाना साहिब पाकिस्तानात गेलं. हसन अब्दालचं पंजा साहिबही गेलं. रावीकाठच्या करतारपूरला नानकदेवांनी स्वतः शेती केली आणि १५३९ मध्ये तिथंच देह ठेवला. तेही पलीकडे राहिलं. फाळणीत लाखो माणसं मेली, बायकांवर अत्याचार झाले. एकट्यानं जावं अशी ती वाट उरली नाही. तेव्हा शिखांनी आपल्या अरदासमध्ये, म्हणजे प्रार्थनेत, एक मागणं जोडलं: दुरावलेल्या गुरुद्वारांचं दर्शन पुन्हा मोकळेपणानं घडावं.

मागण्यासोबत व्यवस्थाही उभी राहिली. १९७४ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी धार्मिक स्थळांच्या भेटीबद्दल लेखी करार केला. कोणती स्थळं पाहता येतील, याची यादी ठरली. यात्रेकरूंनी जथ्यानं, म्हणजे गटानं जायचं ठरलं. बैसाखी, गुरू अर्जनदेवांचा शहीद दिन, महाराजा रणजितसिंहांची पुण्यतिथी आणि नानक जयंती, असे वर्षातून चार वेळा जथे निघू लागले. नावं आधी कळवायची, व्हिसा घ्यायचा, अटारी-वाघा सीमेवरून सोबत जायचं आणि सोबतच परतायचं.

करतारपूर तर सीमेपासून जेमतेम साडेचार किलोमीटर. तरीही कितीतरी वर्षं भाविक अलीकडच्या डेरा बाबा नानक इथून दुर्बिणीनं दर्शन घेत. ९ नोव्हेंबर २०१९ला तिथला खास रस्ता, करतारपूर कॉरिडॉर, खुला झाला. व्हिसाची गरज राहिली नाही. पण पासपोर्ट आणि आधी केलेली नोंदणी लागायची. सकाळी जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं. सोबत सात किलोपर्यंत सामान आणि जास्तीत जास्त अकरा हजार रुपये, एवढीच मुभा होती. पलीकडचं शुल्क वीस डॉलर होतं.

पुढं कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये हा रस्ता बंद झाला, तो नोव्हेंबर २०२१ मध्ये उघडला. दोन देशांत संघर्ष पेटला तेव्हा ७ मे २०२५ला भारतानं तो पुन्हा बंद केला. नियम चोख असले तरी दोन सरकारांचं बिनसलं की भाविकांची वाट अडते. घरी परतणं धोक्यात येत असेल, तर दर्शन लांबणीवर टाकावं लागतं.

मैत्रिणींनो, श्रद्धा कितीही मोठी असली तरी या लोकांनी सुरक्षितता नुसत्या देवाच्या भरवशावर सोडली नाही. नावांची यादी, ओळखीचा कागद, ठरलेली वेळ आणि सोबत परतणं, यांच्या आधारानं म्हाताऱ्या आजीही सीमा ओलांडून दर्शन घेऊन आल्या. आपला बचत गट तुळजापूरला निघो की नांदेडला, सगळ्यांची नावं आणि घरचे फोन नंबर वहीत लिहा. एक प्रत गावात ठेवा. परतीची गाडी सुटण्याआधी माणसं मोजा.