लांब थ्रो आणि सेट पीस (फुटबॉल)

खेळ थांबल्यानंतर तो ज्या ठरावीक पद्धतींनी पुन्हा सुरू होतो त्यांना फुटबॉलमध्ये सेट पीस म्हणतात. कॉर्नर, फ्री किक, पेनल्टी आणि थ्रो-इन हे त्यांतले मुख्य प्रकार. टचलाइनवरून हातांनी फेकलेला चेंडू थेट गोलसमोरच्या गर्दीत पडला, तर तो लांब थ्रो. २०१८ च्या विश्वचषकात झालेल्या १६९ गोलांपैकी ७३ सेट पीसवरून झाले. उपांत्य फेरी गाठणाऱ्या इंग्लंडच्या १२ गोलांपैकी ९ याच प्रकारचे होते, पेनल्टी धरून. एकेकटा कॉर्नर पाहिला तर फळ तुटपुंजे दिसते, कारण साधारण शंभर कॉर्नरमागे तीन-चारच गोल होतात. तरीही अटीतटीचे सामने वारंवार इथेच सुटतात. दोन्ही संघांनी एकमेकांची चाल रोखून धरलेली असते, तेव्हा न धावता, न झुंजता, शांतपणे चेंडू हव्या त्या जागी टाकण्याची संधी सेट पीसखेरीज दुसरीकडे मिळत नाही.

थ्रो-इनचे नियम मोजके आहेत. चेंडू जिथून बाहेर गेला तिथूनच तो टाकायचा. फेकताना दोन्ही पावलांचा काही भाग रेषेवर किंवा रेषेबाहेर जमिनीला टेकलेला हवा. चेंडू दोन्ही हातांनी, डोक्यामागून आणि डोक्यावरून यायला हवा. प्रतिस्पर्ध्याने किमान २ मीटर दूर राहायचे. थ्रोवरून थेट गोल धरला जात नाही, चेंडूला वाटेत कुणाचा तरी स्पर्श व्हावाच लागतो. या निर्बंधाच्या बदल्यात मोठी सवलत आहे : थ्रो-इनवर ऑफसाइड नाही. १९२० पासून ती चालत आली आहे. त्यामुळे फेकणाऱ्या संघाचे उंच खेळाडू खुशाल गोलरक्षकाच्या पुढ्यात जाऊन उभे राहतात आणि बचावफळीला पुढे सरकून त्यांना अडकवता येत नाही. कॉर्नरलाही ही सवलत आहे, फ्री किकला नाही.

हाताने फेकलेला चेंडू लाथेने मारलेल्या चेंडूपेक्षा हळू येतो, पण त्याची दिशा अधिक नेमकी राखता येते. चांगला थ्रो सपाट जातो. माणसाला वरच्या कोनात तितका जोर लावता येत नाही, म्हणून सर्वांत लांबचा थ्रो पाठ्यपुस्तकातल्या ४५ अंशांवर न जाता सुमारे ३० अंशांवर जातो. जोर येतो तो धाव, कमरेतून मागे ताणलेली पाठ आणि शेवटच्या क्षणी पुढे झटकलेले खांदे यांतून. नुसत्या दंडांच्या ताकदीवर कुणी लांब फेकत नाही.

या अस्त्राला जगभर नाव मिळवून दिले ते स्टोक सिटीच्या रोरी डिलॅपने. शाळेत तो भालाफेक करीत असे. २००८-०९ च्या प्रीमियर लीगमध्ये नव्याने वर चढलेला त्याचा संघ त्याच्या थ्रोंच्या जोरावर मोठ्या संघांना घाम फोडत होता. फेकण्याआधी तो चेंडू टॉवेलने कोरडा करून घेई. २७ जून २०१६ रोजी नीस येथे युरो स्पर्धेत आइसलंडने इंग्लंडला २–१ असे हरवले. त्यातला आइसलंडचा पहिला गोल आरोन गुन्नारसनच्या लांब थ्रोवरून झाला : कारी आर्नासनने डोक्याने चेंडू मागे सरकवला आणि राग्नार सिगुर्डसनने तो जाळ्यात धाडला. २०१८ मध्ये लिव्हरपूलने टोमास ग्रॉनेमार्क या डॅनिश प्रशिक्षकाला केवळ थ्रो-इनसाठी नेमले, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. वर्षभरात हे नाक मुरडणे थांबले. लांब थ्रोला गावंढळ खेळ म्हणून हिणवण्याची सवय आपल्याकडेही आहे. ती चुकीची आहे. नियमाने दिलेली सवलत सरावाने पुरेपूर वापरणे हे कौशल्यच होय.

भारतीय फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या दिवसातही सेट पीसचा वाटा आहे. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्ता येथे आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २–१ असे नमवले. दुसरा गोल जर्नेल सिंगने डोक्याने केला. त्याआधीच्या दुखापतीमुळे त्या डोक्याला टाके पडले होते. ज्या फ्री किकवर हा गोल झाला ती घेणारा फोर्तुनातो फ्रँको मूळचा गोव्याचा आणि मुंबईत टाटा संघाकडून खेळणारा. पुढे ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने केलेला गोल हा फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. तोही हेडरच, संजीव स्टालिनच्या कॉर्नरवरचा.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या विषयातले सर्वांत ठळक नाव राहुल भेके (जन्म ६ डिसेंबर १९९०, मुंबई) यांचे आहे. बचावपटू असूनही त्यांच्या नावावर भारतीय क्लब फुटबॉलचे दोन निर्णायक हेडर आहेत आणि दोन्ही कॉर्नरवरचे. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनामध्ये इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना बेंगळुरू आणि गोवा यांच्यात गोलशून्य राहिला, जादा वेळेत गेला. ११७ व्या मिनिटाला दिमास डेल्गादोच्या कॉर्नरवर भेके यांनी चेंडू डोक्याने आत घातला आणि बेंगळुरूने पहिल्यांदा करंडक उचलला. जादा वेळेतच गोव्याच्या अहमद जाहूला लाल कार्ड मिळाले होते. तोच जाहू पुढे मुंबई सिटीत भेके यांचा सहकारी झाला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या हवाई दलाच्या संघाविरुद्ध मुंबई सिटी एका गोलने मागे होती. दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि ७५ व्या मिनिटाला जाहूच्या कॉर्नरवर भेके यांचा हेडर गोलात गेला. या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. त्यातले मुंबईचे दोन्ही गोल सेट पीसवरचे होते, हे विसरू नये.

मुंबई सिटीने आदल्या हंगामातही हेच करून दाखवले होते. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी गोव्यात बांबोळी येथे साखळी फेरीचे विजेतेपद ठरवणारा सामना होता. समोर एटीके मोहन बागान. सातव्या मिनिटाला जाहूच्या फ्री किकवर मुर्तदा फॉलचा हेडर, ३९ व्या मिनिटाला एर्नान सान्तानाची फ्री किक आडव्या दांड्यावर आदळून परत आली ती ओग्बेचेने डोक्याने आत ढकलली. २–० आणि लीग शील्ड. प्रशिक्षक सेर्हिओ लोबेरांचा हा संघ जमिनीवरून पास देत खेळणारा म्हणून ओळखला जाई. म्हणजे सुबक खेळ आणि सेट पीस यांचे वैर नाही.

राष्ट्रीय संघासाठी भेके यांचा पहिला गोल १८ नोव्हेंबर २०२४ रोजी हैदराबादेत मलेशियाविरुद्ध झाला, ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर. १९ मार्च २०२५ रोजी शिलाँगला मालदीवविरुद्ध पुन्हा तसाच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खालिद जमील राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. मुंबई एफसीचे ते अनेक वर्षे प्रशिक्षक होते आणि भेके तिथे त्यांच्या हाताखाली खेळले होते. २९ ऑगस्ट रोजी ताजिकिस्तानविरुद्ध जमील यांच्या पहिल्याच सामन्यात पाचव्या मिनिटाला मोहम्मद उवैसचा लांब थ्रो गोलसमोर आला आणि अन्वर अलीने हेडरने गोल केला. काही मिनिटांत भेके यांचा हेडर गोलरक्षकाने परतवला, तो संदेश झिंगनने जाळ्यात ढकलला. भारत २–१ ने जिंकला.

दुसऱ्या गोलात या शास्त्राचे मर्म आहे. सेट पीसवर पहिला स्पर्श गोल करणारा असतोच असे नाही. जवळच्या खांबापाशी एकाने चेंडूला डोके लावून तो मागे वळवायचा, दूरच्या खांबापाशी दुसऱ्याने धावत यायचे, एकाने गोलरक्षकाची वाट नियमात राहून अडवायची आणि दोघांनी बॉक्सच्या कडेला सुटून येणाऱ्या चेंडूसाठी थांबायचे. ही कामे आधी वाटून दिलेली नसतील तर लांबात लांब थ्रोही वाया जातो. धोका उलटाही असतो. उंच बचावपटू पुढे गेलेले असताना गोलरक्षकाने चेंडू झेलून पटकन पुढे टाकला, तर मागे मैदान मोकळे असते. म्हणून किमान दोन चपळ खेळाडू मध्यरेषेपाशी ठेवतात.

जालना जिल्ह्यासारख्या भागात, जिथे क्रिकेट आणि कबड्डीपुढे फुटबॉल मागे पडतो, या कलेला वेगळे मोल आहे. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा आणि विभाग अशा पायऱ्यांनी होतात आणि त्यांचा बराच भाग पावसाळ्यात येतो. काळ्या जमिनीच्या मैदानावर चिखल बुटांना चिकटतो, जमिनीवरून दिलेला पास मध्येच थांबतो. उन्हाळ्यात तीच जमीन कडक होते आणि चेंडू वेडावाकडा उसळतो. हवेतून येणाऱ्या थ्रोला किंवा कॉर्नरला यातले काही आड येत नाही. सरावाला पूर्ण मैदान लागत नाही, अर्धे पुरते, आणि भालाफेक करणारी मुले शाळेत असतातच. त्यांतल्या एखाद्याला फुटबॉलकडे वळवणे क्रीडाशिक्षकाच्या हाती आहे. आधी शिकवायचे ते पावलांचे. जोर लावताना मागचा पाय उचलला की पंच थ्रो प्रतिस्पर्ध्याला देतो, आणि शालेय सामन्यांत चांगले थ्रो जास्त करून याच चुकीने जातात. मागच्या पायाचा अंगठा जमिनीवरून फरफटत आणला तर चालते. चेंडू ओला असेल तर तो फेकण्याआधी जर्सीला पुसून घ्यावा. कोवळ्या वयाच्या मुलांकडून एका सत्रात पूर्ण ताकदीचे थ्रो मोजकेच करून घ्यावेत, कारण ताण खांद्यांबरोबर कमरेवरही येतो.