चाक एका बाजूने का झिजते?

मंडळी, आज टायरविषयी लिहिणार आहे. दचकू नका. विषय गॅरेजचा वाटला तरी तो पुरता इतिहासाचा आहे. शाळेच्या पुस्तकात चाकाला "चाकाचा शोध लागला" एवढे एक वाक्य मिळते, आणि मग राजे, लढाया, तह यांच्या गर्दीत चाक नाहीसे होते. पण गाडीचे चाक नीट सरळ न लोळता घासत का चालते, या प्रश्नावर इंग्लंडमध्ये कायदे झाले, वाद झाले, आणि तोच प्रश्न आज अमेरिकेत उंच केलेल्या पिकअप ट्रकांच्या पुढच्या टायरवर लिहिलेला दिसतो. फक्त वाचता आला पाहिजे.

आधी आपल्या बैलगाडीपासून सुरुवात करू. तिला दोन चाके आणि एक आस. वळायचे असले की बैल वळतात आणि अख्खी गाडी वळते. पुढची चाके वेगळी वळवायची भानगडच नाही. लोहाराने लोखंडी धाव तापवून चाकावर चढवली की ती थंड होताना आवळून बसते. धाव झिजते, पण बहुधा सगळीकडून सारखी.

चार चाकी गाडी आली आणि भानगड सुरू झाली. युरोपातले जुने लाकडी चाक सपाट नसे, बशीसारखे थोडे खोलगट असे. तुंब्यापासून निघालेले आरे किंचित बाहेर झुकलेले. हेलकाव्यांचा बाजूने येणारा दाब सोसायला ही रचना उत्तम. पण मग जमिनीकडचा आरा उभा राहावा म्हणून आसाची टोके खाली वाकवावी लागत. परिणामी चाकाचा वरचा भाग बाहेर कलत असे. आज मेकॅनिक ज्याला कॅम्बर म्हणतात तो हाच. त्यांना शब्द नव्हता, चाक होते.

अठराव्या शतकात इंग्लंडचे टोल भरायचे रस्ते मालवाहू गाड्यांनी उखडले जाऊ लागले. अरुंद चाके रस्त्यात चर पाडतात, तेव्हा चाके रुंद करा, असा विचार झाला आणि 1753 साली पार्लमेंटने जड गाड्यांना 9 इंच रुंदीची चाके सक्तीची केली. कागदावर विचार बरोबर होता. पण आस तिरपा, चाक कललेले, त्यामुळे 9 इंच रुंद धाव जमिनीवर सपाट बसवायची तर ती निमुळती करावी लागे, आतल्या कडेला मोठी आणि बाहेरच्या कडेला लहान. काही गाडीवानांनी तर मधलीच पट्टी उंच ठेवली, म्हणजे मोजताना चाक 9 इंचांचे आणि रस्त्यावर टेकणारे मात्र अरुंद. कायदा पाळला गेला, रस्ते उखडतच राहिले.

हे नेमके काय होते आहे, ते 1797 साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने सांगितले. (हाच तो गृहस्थ, ज्याने 1775 साली संडासाच्या फ्लशचे आणि वाकड्या पाइपाचे पेटंट घेतले होते. माणसाचे डोके किती दिशांनी चालते पाहा!) त्याचा मुद्दा शाळेतल्या पोरालाही पटेल. शेंगदाण्याची निमुळती पुडी टेबलावर आडवी ठेवून लोटून पाहा. ती सरळ जात नाही, टोकाभोवती गोल फिरते. निमुळत्या चाकालाही गोलच फिरायचे असते. पण आस त्याला धरून सरळ ओढत नेतो. समजा, चाकाच्या बाहेरच्या कडेचा व्यास आतल्या कडेपेक्षा 6 इंचांनी कमी आहे. मग एका फेऱ्यात दोन्ही कडांच्या परिघात जवळजवळ 19 इंचांचा फरक पडतो. चाक तर एकच. तेव्हा एवढे अंतर कुठल्यातरी कडेने लोळण्याऐवजी घासूनच काढावे लागते. रस्ता दळला जातो, धाव झिजते आणि घोडे दमतात.

माझ्या मते या सगळ्या कथेतले हे महत्त्वाचे पान. पार्लमेंटने मोजली ती रुंदी. कमिंगने पाहिले ते घासणे.

दुसरा भाग वळण्याचा. चार चाकी घोडागाडीत पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळ्यावर फिरत असे. जोरात वळताना एक चाक गाडीच्या पोटाखाली जाई, आधार अरुंद होई आणि गाडी कलंडे. लिचफिल्डचे डॉक्टर इरॅस्मस डार्विन (प्रसिद्ध चार्ल्स डार्विनचे आजोबा) रुग्ण बघायला खूप फिरत. त्यांनी 1758-59 च्या सुमारास युक्ती काढली, की आस जागेवर ठेवावा आणि दोन्ही टोकांची चाके आपापल्या खुंटीवर वळवावीत. पेटंट त्यांनी घेतले नाही. पुढे 1768 साली गाडीतूनच फेकले जाऊन त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली आणि पाय कायमचा अधू झाला. म्हणजे गाडीच्या घडणीचा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता.

हीच कल्पना म्युनिकचा गाड्या बांधणारा गेऑर्ग लांकेनस्पेर्गर याने 1816 च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडली. त्याच्या वतीने लंडनमध्ये 1818 साली पेटंट घेतले ते रुडॉल्फ आकरमान या जर्मन वंशाच्या प्रकाशकाने. आणि आज जगभर नाव चालते ते आकरमानचे! डार्विन राहिले, लांकेनस्पेर्गरही राहिला. इतिहासात हे नेहमीचेच, कागद ज्याच्या नावावर त्याचे नाव.

यातले गणित सोपे आहे. शाळेच्या कवायतीत रांग वळते तेव्हा आतला मुलगा लहान वर्तुळात फिरतो आणि बाहेरचा मोठ्या. गाडीच्या पुढच्या चाकांचेही तसेच. लहान वर्तुळात जाणारे आतले चाक जास्त वळले पाहिजे, बाहेरचे कमी. दोन्ही सारखीच वळली तर त्यातले एक घासणारच. कार्ल बेंझने 1886 चे पेटंट तीन चाकी गाडीचे घेतले, त्याचे एक कारण हेच होते की चार चाके वळवण्याची समाधानकारक रीत त्याच्या हाती नव्हती. ती त्याने 1893 साली आपल्या चार चाकी गाडीत आणली.

मोटार आली, रबर आले, 1888 साली डनलपचे हवेचे टायरही आले. घोडागाडीचा वारसा मात्र सुटला नाही. चाक किंचित कललेले ठेवायचे, हा कॅम्बर. दोन चाकांची पुढची तोंडे जरा आत किंवा बाहेर ठेवायची, याला टो म्हणतात. आपण पायाचे चवडे जुळवून किंवा फाकवून उभे राहतो, तसेच ते. फरक एवढाच पडला, की लोखंडी धाव वर्षानुवर्षांत झिजायची, रबर काही महिन्यांत सगळे बोलून दाखवू लागले.

टो किती बारीक गोष्ट आहे, याचे साधे त्रिकोणमितीचे उदाहरण देतो. एक चाक फक्त 1 अंशाने तिरपे आहे असे समजा. 1 अंशाचा साइन 0.01745. म्हणजे गाडी 1 किलोमीटर पुढे गेली की ते चाक साडेसतरा मीटर आडवे घासले. 10,000 किलोमीटरला हे घासणे 175 किलोमीटर होते! रबराची फुफ्फुसे नाहीत म्हणून बरे, नाहीतर ओरडले असते.

आता अमेरिकेकडे येऊ. तिकडे पिकअप हे शेतकऱ्याचे आणि सुताराचे वाहन. त्याला उंच करून मोठाली चाके बसवण्याचा शौक तिथे मोठा आहे. सेंट लुइसजवळच्या बॉब चँडलर यांनी 1970 च्या दशकात आपला 1974 चा फोर्ड पिकअप असाच वाढवत नेला, त्याचे नाव बिगफूट. 1981 साली त्यांनी तो जुन्या मोटारींवरून चालवून त्या चिरडल्या आणि हा शौक तमाशाच्या पटांगणात गेला. चिखल, दगड, नदीनाले ओलांडायला उंचीचा उपयोग आहे, हे खरेच. पण कारखान्याने पुढच्या चाकांचे कोन ठरवलेले असतात ते एका विशिष्ट उंचीसाठी. उंची बदलली की कोनही बदलू शकतात.

फोर्डने 1965 पासून पिकअपला दिलेली ट्विन आय-बीम रचना याचे छान उदाहरण आहे. प्रत्येक पुढच्या चाकाला स्वतंत्र लोखंडी तुळई, आणि ती गाडीच्या पलीकडच्या बाजूला बिजागरीवर टांगलेली. रचना दणकट. पण नुसती लांब स्प्रिंग घालून गाडी उंच केली की तुळईचे चाकाकडचे टोक खाली झुकते आणि चाकाचा माथा बाहेर कलतो. टायर बाहेरच्या कडेने झिजतो. उलट जड माल भरला की माथा आत कलतो आणि आतली कड जाते. म्हणजे 1753 चा आस पुन्हा अवतरला म्हणा ना! एफ-150 मॉडेलमध्ये फोर्डने 1997 ला ही रचना सोडली. अखंड आसाच्या ट्रकांचे वेगळे. तिथे नुसती उंची वाढवून कॅम्बर बदलत नाही, कारण दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडलेली असतात. तिथे संशय टो, हवा आणि सैल सांध्यांवर घ्यायचा.

हे सगळे मी का वाचले? टेक्सासमधल्या माझ्या पुतण्यामुळे. त्याने जुना पिकअप घेतला, तो आधीच्या मालकाने तीन इंच उंच केलेला. पुढच्या टायरांची दुसरी जोडी वर्षाच्या आत संपत आली. पहिल्या वेळी टायरच्या दुकानाने नवी जोडी विकली आणि "हवा बघत जा" असे सांगून वाटेला लावले. बाहेरून टायर चांगले दिसत, गाडी सरळ चाले. मी त्याला फोनवर एवढेच सांगितले, की स्टिअरिंग पूर्ण वळवून आतल्या कडेचा फोटो काढ. फोटो आला. आतल्या कडेचे रबर संपून पोलादी तारा उघड्या पडल्या होत्या. त्याच गाडीतून तो बायको आणि दोन मुलींना घेऊन हायवेवर ताशी 110 किलोमीटरने जात होता.

दुसऱ्या गॅरेजात मोजल्यावर कळले, की उंच केल्यानंतर अलाइनमेंट कुणी केलेलेच नव्हते. त्याच्या गाडीत उंचीमुळे टाय रॉड तिरपे होऊन दोन्ही चाकांची तोंडे बाहेर फाकली होती, आणि मोठ्या चाकांच्या भाराने रॉडची टोकेही सैल झाली होती. दोन्ही चाके सारखीच फाकलेली, म्हणून स्टिअरिंगला ओढ नव्हती. "गाडी सरळ चालते" हा पुरावा इथे बिनकामाचा ठरला. टोके बदलली, टो नीट केला, टायर फेकून दिले.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी झीज वाचण्याची रीत लिहून ठेवतो. टायरचा मधला भाग झिजला तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकच कड गुळगुळीत झाली तर कॅम्बर किंवा टो. तळवा टायरवरून आडवा फिरवावा (तारा दिसत असतील तर हात लावू नये). एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले तर टो. जागोजागी वाटीसारखे खळगे पडले तर शॉक अब्सॉर्बर किंवा चाकाचे बॅलन्सिंग. मग गाडी नीट टेकूवर उचलून चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग बघावे. डावी-उजवीकडे धरून खेळ लागला तर टाय रॉड. सैल सांधे आधी बदलायचे आणि अलाइनमेंट सर्वांत शेवटी. सैल सांध्यांवर केलेले अलाइनमेंट म्हणजे हलत्या टेबलावर काढलेली सरळ रेघ. आणि उंचीमुळे कोन समायोजनाच्या मर्यादेबाहेर गेले असतील तर त्या उंचीला जुळणारे भाग बसवावेत, नाहीतर गाडी थोडी खाली आणावी.

नवा टायर हा उपाय नव्हे. तो झिजण्यासाठी दिलेला नवा कागद आहे, मजकूर तोच उमटणार. इंग्लंडने चाकाची रुंदी मोजली तेव्हा चूक हीच झाली. जे मोजायला सोपे ते मोजले आणि जे पाहायला हवे ते चव्वेचाळीस वर्षांनी एका घड्याळजीने पाहिले.

आपल्याकडे ट्रक उंच करायची हौस कमी, पण खड्डे पुष्कळ. एका जोरदार आदळण्यानेही चाकाचा कोन बदलतो. तेव्हा नातेवाइकांनो आणि ब्लॉगबंधूंनो, पुढच्या वेळी हवा भरायला थांबाल तेव्हा स्टिअरिंग पूर्ण वळवा, खाली वाका आणि टायरची आतली कड बघा. दोन मिनिटे लागतात. कपड्यांना थोडी धूळ लागेल, ती झटकता येते.

असो. पुढच्या वेळी रस्त्यांकडे वळू म्हणतो, मॅकअॅडम साहेबांची गिट्टी बरीच शिल्लक आहे.