शिराळा परिसरातील शिकारी रायफली : प्रकारनिश्चितीचा एक प्रश्न

शिराळा परिसराच्या अर्वाचीन इतिहासात बंदुकीचा उल्लेख दोन संदर्भांत येतो. वारणा खोऱ्यातील रानांत चालणारी शिकार व पीकरक्षण हा पहिला संदर्भ होय. १९३० च्या बिळाशी येथील जंगल सत्याग्रहापासून १९४३ ते १९४६ च्या प्रतिसरकारपर्यंत पोहोचणारा लोकलढा हा दुसरा. या दोन संदर्भांची सरमिसळ झाली, की घरात राहिलेल्या एखाद्या रायफलीस ‘बेचाळीसची बंदूक’ ही ओळख सहज चिकटते. ती ओळख ग्राह्य मानावयाची की नाही, हे त्या शस्त्राचा नेमका प्रकार ठरविल्यावाचून सांगता येत नाही.

हा निर्णय कागदांवरून लागेल असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु परवान्यावरील नोंद बहुधा शस्त्राची जात, बोअर आणि क्रमांक एवढ्यापुरतीच असते. शिवाय शिराळा हा पूर्वी वाळवे तालुक्याचा पेटा होता. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग दक्षिण साताऱ्यात गेला व १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे जुन्या कागदांचा शोध एका कचेरीत संपत नाही. अशा स्थितीत खुद्द शस्त्र हेच पहिले साधन ठरते.

प्रश्न अवघड होण्याचे कारण असे की, या भागात संभवणाऱ्या तीन भिन्न रायफलींचा सांगाडा एकच आहे. जेम्स पॅरिस ली याच्या रचनेवर ब्रिटिश सैन्याची ली-मेटफर्ड रायफल १८८८ मध्ये, ली-एन्फील्ड १८९५ मध्ये आणि तिचा आखूड प्रकार १९०३ मध्ये स्वीकारला गेला. १९०७ च्या ‘मार्क तीन’ या प्रकाराचे उत्पादन पुढे बंगालमधील इशापूरच्या कारखान्यातही झाले. या सर्वांत बोल्ट पुढे सरकवून मिटताना चाप-कमान ताणली जाते आणि बोल्टला अडविणारे कान मागील बाजूस असतात. तेव्हा केवळ बोल्टची चाल पाहून प्रकार ठरविणे व्यर्थ होय.

या तिघींपैकी पहिली म्हणजे .३०३ बोअरची लष्करी रायफल. दुसरी पोलिसांची .४१० बोअरची मस्केट. ही लष्करी रायफलीचेच रूपांतर असून तिची नळी आतून गुळगुळीत असते, मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा बसविलेला असतो आणि एका वेळी एकच काडतूस भरता येते. तिचे काडतूस .३०३ च्या काडतुसाची मान न आवळता सरळ ठेवून बनविलेले असे. मस्केट हिसकावली गेली तरी तिच्यातून लष्करी काडतूस उडू नये, हा त्यामागील हेतू होता. तिसरी म्हणजे .३१५ बोअरची नागरी रायफल. लष्करी बोअर प्रजेच्या हाती जाऊ न देण्याच्या सरकारी धोरणामुळे बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीने त्याच सांगाड्यावर ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचे ८ मिलिमीटरचे काडतूस बसविले. सांगाडा तयारच असल्याने ही रायफल लंडनच्या नामांकित कारागिरांच्या दुनळी रायफलींहून पुष्कळ स्वस्त पडे. स्वातंत्र्योत्तर काळात याच बोअरची रायफल इशापूर येथे नागरी ग्राहकांसाठी तयार होऊ लागली. म्हणजे .३१५ या एकाच नोंदीखाली दोन भिन्न कालखंडांची शस्त्रे येतात.

प्रकारनिश्चितीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम नळी पाहावी. .३०३ म्हणजे ७.७ मिलिमीटर व .३१५ म्हणजे ८ मिलिमीटर. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी मापकच हवा. .४१० ची नळी मात्र १०.४ मिलिमीटरची व आट्यांवाचून असल्याने लगेच ओळखू येते. त्यानंतर दस्त्याच्या सांध्याजवळील धातूच्या पट्ट्यावरील ठसे वाचावेत. राजमुकुट व त्याखाली ‘जी. आर. आय.’ ही अक्षरे असल्यास तो भाग राजेशाहीच्या काळातील. अशोकस्तंभाचे सिंह असल्यास स्वातंत्र्यानंतरचा. बी. एस. ए. च्या जुन्या शिकारी रायफलींवर ‘ली-स्पीड’ पेटंटचा उल्लेख आढळतो. शेवटी नळीवरील सालाचा ठसा आणि बोल्टवरील क्रमांक मुख्य सांगाड्याशी जुळतात का, हे तपासावे.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. नळी, बोल्ट आणि लाकूड हे भाग दुरुस्तीत बदलले जात. लष्करी रायफलीचे पुढचे लाकूड कापून तिला शिकारी रूप देण्याची चालही सर्वत्र होती. म्हणून एका ठशावरून संपूर्ण शस्त्राचे वय सांगणे हे एका विटेवरून वाड्याचे वय सांगण्यासारखे आहे. सर्व भागांची साक्ष एकमेकींशी जुळली, तरच निर्णय द्यावा. न जुळल्यास प्रत्येक भागाचा काळ स्वतंत्र नोंदवावा.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. शिराळ्यालगतच्या इस्लामपूर येथे १० सप्टेंबर १९४२ रोजी मोर्चावर गोळीबार झाला. पुढील काळात भूमिगत गटांनी पोलिसांची शस्त्रे हिसकावून घेतली. अशा शस्त्रांत .४१० ची मस्केट किंवा .३०३ ची रायफल संभवते. याउलट जिच्या सर्व भागांवर सिंहमुद्रा आहे अशी .३१५ ची रायफल त्या काळातील असूच शकत नाही. ती बहुधा पीकरक्षणाच्या किंवा शिकारीच्या परवान्यावर घेतलेली असणार, आणि म्हणून तिचे स्थान दुसऱ्या इतिहासात आहे. तो इतिहास म्हणजे १९५९ चा शस्त्र कायदा, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९८५ मध्ये घोषित झालेले चांदोली अभयारण्य यांच्या दरम्यान वारणाकाठच्या शिकारीचा अस्त कसा झाला, याचा होय.

येथे एक भेद कटाक्षाने पाळला पाहिजे. शस्त्र नंतरचे ठरले म्हणून त्या घरातील माणसाचा लढ्यातील सहभाग खोटा ठरत नाही. केवळ ते शस्त्र त्या सहभागाचा पुरावा राहत नाही. पुष्कळदा मूळ शस्त्र सरकारजमा झालेले किंवा टाकून दिलेले असते आणि आठवण मात्र घरात मागाहून आलेल्या रायफलीचा आधार घेते. त्या आठवणीचे परीक्षण इतर साक्षींनी करावयाचे असते. रायफलीस तिचे खरे नाव व खरे साल दिल्याने आठवणीची अप्रतिष्ठा होत नाही. उलट, जो भार त्या वस्तूस पेलणारा नव्हता, तो तिच्यावरून उतरतो आणि दोन्ही इतिहासांचा अभ्यास आपापल्या साधनांनी करण्याची वाट मोकळी होते.