तेलाचा साबण आणि न्यायाचे धन



साबणाच्या वेष्टनावर ‘प्राण्यांची चरबी नाही’ हे शब्द आपल्यापैकी बऱ्याच जणी शोधतात. शंभर वर्षांपूर्वीच्या विलायती साबणात गुरांची चरबी सर्रास असे. तिने वडी घट्ट होते. ज्यांना ती चालत नसे, त्यांचे रिठा, शिकेकाई आणि डाळीच्या पिठावर भागे.

ही अडचण दूर करणाऱ्यांत अर्देशीर गोदरेज यांचे नाव मोठे आहे. जन्म १८६८, पारशी कुटुंबात. शिकले वकिली. झांझिबारला एका खटल्यात अशिलाची बाजू खरी म्हणून मांडायला मन तयार होईना, म्हणून त्यांनी वकिलीच सोडली. मुंबईत मेरवानजी कामांकडून ३,००० रुपये उसने घेऊन शस्त्रक्रियेची हत्यारे बनवू लागले. माल घेणाऱ्याला त्यांवर हिंदुस्थानचे नाव नको होते. अर्देशीरांनी तो धंदा सोडला, देशाचे नाव सोडले नाही. मग १८९७ मध्ये लालबागला एका शेडमध्ये कुलपांचा कारखाना सुरू झाला. पुढे तिजोऱ्या आल्या.

आणि १९१८ मध्ये, चरबी न घालता वनस्पती तेलांपासून केलेला ‘चावी’ साबण आला. त्यानंतर अंघोळीचे साबण आले, आधी ‘नंबर २’ आणि मग ‘नंबर १’. यामागे स्वदेशीची ओढ होती. पण स्वदेशी म्हणून कच्चा माल गोड मानून घ्या, हे त्यांना मान्य नव्हते. आपला माल विलायतीच्या तोडीचा हवा, असा त्यांचा आग्रह असे.

१९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी १ कोटी रुपये उभे करायचे होते. त्यात एकट्या अर्देशीरांनी ३ लाख दिले. १९३६ मध्ये ते गेले.

पंडित आशाधरांनी ‘सागारधर्मामृता’त गृहस्थाचे गुण सांगताना न्यायाने मिळवलेले धन सर्वांत आधी ठेवले आहे. दानाची पावती आपण लगेच पाहतो, पैसा कसा आला हे क्वचित विचारतो. अर्देशीर जैन नव्हते. तरी खोटे बोलावे लागेल म्हणून वकिली सोडणाऱ्या आणि चरबीवाचून साबण करून दाखवणाऱ्या या माणसाचे ३ लाख त्या कसोटीला उतरतात. आपल्या घरातला पैसाही कधीतरी त्याच कसोटीवर घासून पाहायला हवा.